शेवंतीची झेवंती

परवा ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. बारावी झालीय, टायपिंगचा वर्ग केलाय, एका ठिकाणी डेटा एंट्री ऑपरेटरची जागा निघालीय, अर्ज करू का, असं विचारत होता. मी म्हटलं, जरूर कर. तर मागून त्याच्या आईचा आवाज आला, "काका, तात्पुरतंच हं! नुसतं टायपिंग तर करायचं असतं. पुढे काहीतरी चांगलं बघूच."

'नुसतं टायपिंग' हे शब्द ऐकले की मला एक म्हातारी आठवते. एका सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेली. तिच्याविषयी पुढे सांगतो. आधी या 'नुसत्या टायपिंग'विषयी.

मी स्वतः काही वर्षं हे काम केलं आहे. १९९८ च्या सुमारास, पणजीत, एका कंत्राटदाराकडे. पोर्तुगीज काळातल्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स आमच्यासमोर ठेवल्या जायच्या आणि त्यांची सूची संगणकावर चढवायची. दोन रकाने होते. एकात नाव रोमीत जसं आहे तसं, दुसऱ्यात त्याचा उच्चार देवनागरीत. पैसे नोंदीमागे. जितक्या नोंदी, तितके पैसे. त्यामुळे वेग म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि वेग लागतोच. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत डेटा एंट्री ऑपरेटरला तासाला ८,००० कळा दाबता याव्या लागतात, काही खात्यांतल्या जागांसाठी १५,०००. म्हणजे सेकंदाला दोनाहून थोड्या जास्त, किंवा चाराहून थोड्या जास्त. ऐकायला भयंकर वाटतं, पण सहा-आठ महिन्यांच्या सरावाने यातला पहिला आकडा कुणालाही गाठता येतो. 'एफ' आणि 'जे' या कळांवर बारीक उंचवटा असतो, आकड्यांच्या पट्टीवर ५ ला असतो. बोटांनी तो चाचपायचा आणि कीबोर्डकडे बघायचं नाही. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट शिकला असाल तर डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, हे एकदा अंगात मुरलं की आयुष्यभर जात नाही.

बोटांपलीकडच्याही काही गोष्टी असतात, त्या वर्गात शिकवत नाहीत. नोंदवहीच्या ओळीखाली फुटपट्टी धरायची. हे मी पहिल्या आठवड्यात हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या आठवड्यात शिकलो. एखादं अक्षर चुकलं तर एक नोंद बिघडते. पण एका रकान्यात ओळ निसटली की तिथून खाली प्रत्येक माणसाला शेजाऱ्याचा बाप मिळतो. रकमा असतील तर पानाची बेरीज आधी करून ठेवायची आणि टाइप केल्यावर संगणकाच्या बेरजेशी ताडायची. रकमाच कशाला, सर्व्हे नंबरांचीही बेरीज करतात. त्या बेरजेला अर्थ काहीच नाही, पण ती जुळली नाही तर कुठेतरी आकडा चुकलाय एवढं कळतं. याला हॅश टोटल म्हणतात. सगळ्या मूर्ख बेरजांत मला ही सगळ्यात शहाणी वाटते.

म्हणजे आकड्याला पहारेकरी असतो. आधार क्रमांकाचंच बघा. त्यातले बारा आकडे म्हणजे बारा माहित्या नव्हेत. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवर नजर ठेवायला बसवलेला आहे. याकोबुस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेली रीत त्यासाठी वापरतात. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडले, तर हिशोब जुळत नाही आणि यंत्र अडवतं. ऑपरेटर झोपेत असला तरी आकडा जागा असतो.

नावाला असा पहारेकरी नाही. 'शांता'च्या जागी 'कांता' पडली तर जगातलं कुठलंही यंत्र कुरकुरणार नाही, कारण कांता हेही चांगलं नाव आहे. तिथे पहाऱ्यावर एकच जण असतो, तो खुर्चीत बसलेला ऑपरेटर. आणि गोव्यात तर त्याला दुप्पट जागं राहावं लागतं.

का, ते सांगतो. आपली नावं साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांच्या कानांतून गेली आणि त्यांच्या रीतीने कागदावर उतरली. त्यांच्या लेखनात 'एक्स' हे अक्षर 'श' साठी येतं. त्यामुळे जुन्या कागदांत शंकर 'एक्स'ने सुरू होतो आणि शेल्डे गावही 'एक्स'ने. केशवाला 'क्यू' लागतो, केपे आणि केरीलाही. नाईकांच्या शेवटी 'क्यू-यू-ई' अशी तीन अक्षरांची शेपटी असते. कामतांच्या आणि शिवोली, मोरजी, साखळीच्या शेवटी 'एम' असतो, पण तो 'म' नव्हे, नुसता नाकातला सूर. ल आणि ळ, न आणि ण यांत हे जुने कागद पुष्कळदा फरकच करत नाहीत. 'पोरोब' लिहिलेलं आडनाव परब वाचायचं की प्रभू, हे तो शब्द सांगत नाही. गाव सांगतं, शेजारच्या ओळी सांगतात. आणि केरी म्हणाल तर सत्तरीतही आहे, फोंड्यातही आहे आणि पेडण्यातही.

आकड्यांचंही तसंच. पोर्तुगीज वळणाच्या १ ला वर लांब शेंडी असते, आपल्या डोळ्याला तो ७ वाटतो. खरा ७ ओळखायचा तो त्याच्या पोटातल्या आडव्या रेघेवरून. तारखा पुष्कळदा अक्षरी लिहिलेल्या असतात आणि साठ म्हणजे 'सेसेंता', सत्तर म्हणजे 'सेतेंता'. घाईने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून हे दोन शब्द जुळे भाऊ होऊन उतरतात. तुम्ही पटकन एक निवडता आणि कुणाचं तरी वय दहा वर्षांनी हलतं.

आमच्या खोलीत बारा जण होतो. त्यांत एक निवृत्त शिक्षक होते, लिसेंवमध्ये शिकलेले. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. दोन बोटांनी टाइप करायचे. महिन्याच्या शेवटी सगळ्यांत कमी पैसे त्यांचे. पण सगळ्या खोलीचा अडलेला कागद त्यांच्याकडे जायचा. ते चष्मा कपाळावर चढवायचे, कागद डोळ्यांशी न्यायचे, दोन ओळी वर, दोन ओळी खाली वाचायचे आणि मग सांगायचे. त्यांचं एकच वाक्य असायचं, "कळना जाल्यार विचार."

कंत्राटदाराच्या देखरेख्याला हे पसंत नव्हतं. उठून मास्तरांकडे गेलं की दोन मिनिटं जातात. दोन मिनिटांत तीन नोंदी होतात. विचारणाऱ्याच्या तीन बुडतात आणि मास्तरांच्याही. जागा रिकामी ठेवली तर ती नोंद मोजली जात नव्हती, पैसेही मिळत नव्हते. मग माणूस काय करणार? जे दिसतं तसं वाटतं, ते ठोकून देणार. मीही ठोकत होतो. खोटं कशाला बोलू?

आता ती म्हातारी. काही महिन्यांनी दुरुस्त्यांची यादी आणायला मला त्या कार्यालयात पाठवलं होतं. ती व्हरांड्यात बसली होती. मी आतला माणूस आहे असं समजून तिने पिशवीतून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, "म्हजी आवय शेवंती. ही झेवंती कोण?"

(नाव मी इथे बदललं आहे. पहिलं अक्षर तेवढं तेच ठेवलं आहे, कारण सगळी गोष्ट त्या अक्षराचीच आहे.)

कागदावर रोमी रकाना बरोबर होता, 'एक्स'ने सुरू होणारं नाव. शेजारी देवनागरीत 'झेवंती'. मला कळायला क्षणही लागला नाही. झेवियर 'एक्स'ने लिहितात, आम्ही त्याला झेवियर म्हणतो, म्हणून 'एक्स' म्हणजे 'झ'. कुणीतरी असा हिशोब केला होता. कोणी, तेही मला ठाऊक होतं. त्या गावाचा गठ्ठा माझ्याकडे होता. तो 'झ' माझा होता.

तिला वारसाच्या कामासाठी ते नाव हवं होतं. शेवंती आणि झेवंती ही एकच बाई, असं प्रतिज्ञापत्र करून आणा, असं तिला आतून सांगितलं होतं. म्हणजे वकील, स्टँप पेपर, पुन्हा बसचं भाडं, पुन्हा एक दिवस. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला शपथेवर सांगायचं होतं, की माझ्या आईला झेवंती असंही म्हणत. तिच्या आईला जन्मात कुणी झेवंती म्हटलं नव्हतं. ते पहिल्यांदा म्हटलं मी, एका दुपारी, अर्ध्या सेकंदात.

मी तिला हे सांगितलं नाही. "चूक झाली असेल, आजी" एवढंच म्हणालो. चूक कुणाची, ते गिळलं. आज इतक्या वर्षांनी ते इथे लिहितो आहे.

त्यानंतर मी यावर बराच विचार केला आणि मला एक गोष्ट कळली. टायपिंग धोक्याचं असतं ते चुकतं म्हणून नव्हे. हाताने लिहिणारा कारकूनही चुकतच होता. पण हाताच्या लेखनात शंका दिसते. कारकून अडला की अक्षर गिरगटतं, शाई साचते, खाडाखोड होते. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळतं, की इथे काहीतरी गडबड आहे, विचारून बघावं. टाइप केलेल्या अक्षरात शंका उरतच नाही. मला पूर्ण खात्री असलेलं नाव आणि मी अंदाजाने ठोकलेलं नाव, दोन्ही पडद्यावर सारखीच स्वच्छ, सारखीच ठाम. पुढच्या माणसाला तो अंदाज पुरावा म्हणून मिळतो.

यंत्रही असंच करतं. सर्व्हे नंबर १२ चा पोटविभाग ३, म्हणजे १२/३ असं एक्सेलमध्ये नुसतं टाइप करा. एक्सेल त्याची १२ मार्च करून टाकतं. विचारत नाही, सांगत नाही. जमीन गेली आणि तारीख आली! आधी त्या रकान्याला हे अंक नव्हेत, मजकूर आहे असं बजावून ठेवावं लागतं, हे ज्याला माहीत तोच खरा ऑपरेटर. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसणारी काही मानवी जनुकांची नावं एक्सेल तारखांत बदलत राहिलं, तेव्हा २०२० साली नाव ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. जनुकांना काय, नवी नावं चालतात. आमच्या पणजीच्या नावाचं तसं करता येत नाही.

आता तर हस्ताक्षर वाचणारी यंत्रंही आली आहेत. पान दाखवलं की वाचून देतात. चांगली गोष्ट आहे, मी त्यांच्या विरोधात नाही. पण त्यांचाही अंदाज तितकाच स्वच्छ टाइपात येतो. म्हणजे ऑपरेटरचं काम संपलं नाही. ठोकायचं काम कमी झालं आणि वाचायचं वाढलं. यंत्राने 'झेवंती' म्हटलं तर 'थांब, ही शेवंती' म्हणणारा माणूस खुर्चीत हवा. तो नुसता ताशी ८,००० कळांच्या परीक्षेतून कसा सापडेल?

हे सगळं जुनं उगाळतोय असं वाटत असेल तर २०२५ चा नोव्हेंबर आठवा. मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण गोव्यातही सुरू झालं आणि आजचं नाव जुन्या यादीतल्या नावाशी जोडून दाखवायची वेळ आली. यादीत आपण सापडायचं की नाही, हे कधीकाळी कुणीतरी अर्ध्या सेकंदात दाबलेल्या कळेवर टेकलेलं असू शकतं. ज्याच्या घरात कागदांची पेटी आहे, वकील ओळखीचा आहे, तो निभावून नेतो. ज्याच्याकडे प्लास्टिकची पिशवीच आहे, तो व्हरांड्यात बसतो.

माझं म्हणणं ऐकल्यावर आमचा कंत्राटदार काय म्हणाला असता, तेही मला ठाऊक आहे. "प्रत्येकजण शंका काढत बसला तर काम शंभर वर्षांत संपायचं नाही." त्याचं अगदीच चूक नाही. लाखो नोंदी असतात, निविदेत मुदत असते, पैसा मोजका असतो. पण सगळ्यावर शंका काढा असं कोण म्हणतंय? आकड्यांना त्यांचा पहारा आहे. गावांची यादी ठरलेली असते, त्यातून निवडता येतं. उरतात ती माणसांची नावं आणि अक्षरी तारखा. तेवढ्याच दोघांनी वेगवेगळ्या टाइप कराव्यात आणि जिथे जुळणार नाहीत तिथेच तिसऱ्याने बघावं. ही काही माझी अक्कल नव्हे. पंच कार्डांच्या काळात आयबीएमचं पडताळणीचं यंत्रच असायचं. दुसरा ऑपरेटर तेच कार्ड पुन्हा टाइप करायचा आणि सगळं जुळलं तरच यंत्र कार्डाच्या कडेला खाच पाडायचं. त्या काळी जे परवडत होतं, ते आज परवडत नाही असं कसं म्हणायचं?

म्हणून मला तीनच गोष्टी मागायच्या आहेत.

पहिली, परीक्षेत वेगाबरोबर एक जुनं पान वाचायला द्या. आपल्याकडच्या सरकारी जाहिरातींत कोंकणी आवश्यक, मराठी असल्यास उत्तम, असं छापलेलं असतं. छान आहे. पण 'एक्स'चा 'श' वाचता येतो का, हेही एकदा विचारा. जुन्या नोंदींच्या कामाला त्याचीच गरज असते.

दुसरी, प्रत्येक नोंदीपुढे 'शंका' असा एक रकाना ठेवा आणि शंका घातलेल्या नोंदीचे पैसे पूर्ण द्या. 'मला हे वाचता येत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिणं हेही काम आहे. आज त्याचा दंड होतो आणि ठोकून देणाऱ्याला मजुरी मिळते. मग ठोकणारेच तयार होणार.

तिसरी, प्रत्येक खोलीत एक मास्तर ठेवा, पगारावर, नोंदीमागे नव्हे. पोर्तुगीज वळण वाचणारी पिढी गोव्यात झपाट्याने सरते आहे. त्यांना दोन बोटांनी टाइप करायला लावू नका. त्यांच्या शेजारी चार तरुण बसवा. चार वर्षांत चार मास्तर तयार होतील.

आपल्याकडे लिहिण्याच्या कामाला कधी कुणी 'नुसतं' म्हटलेलं नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर घातला आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात, समास किती सोडावा, इथपर्यंत बारकावे आहेत त्यात. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथात शाईची आणि टाकाची चौकशी! कारण हातातून उतरलेलं अक्षर आपल्यामागे राहतं आणि दुसऱ्याच्या कामी येतं, किंवा दुसऱ्याला नडतं, हे त्यांना नीट ठाऊक होतं. टाकाच्या जागी कीबोर्ड आला एवढंच. कारकून, चिटणीस, कुलकर्णी यांना गावात जो मान होता तो सुबक अक्षरासाठी नव्हता. गावाची नावं त्यांच्या हाती होती म्हणून होता. (त्याचा गैरफायदाही त्यांच्यातल्या काहींनी घेतला, तेही विसरू नये.) आज ती नावं ज्याच्या हाती आहेत त्याला आपण कंत्राटावर ठेवतो, नोंदीमागे मोजतो आणि तात्पुरतंच हं, म्हणतो.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. म्हटलं, वेग येईल, त्याची काळजी करू नकोस. आधी तुझ्या आजोबांच्या कागदांतलं एखादं जुनं पान घेऊन ये. त्याने खरंच आणलं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. मी फुटपट्टी काढून पहिल्या ओळीखाली धरली. तो वाचू लागला. चौथ्या शब्दाला अडला. नाव 'एक्स'ने सुरू होत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, हे काय आहे?"

मी म्हटलं, बाबा रे, तुला ही नोकरी जमणार.